पोरासाठी चालत निघालेला बाप

रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, बाया पातेली घासायला बसल्या. तेव्हा एक आई माझ्याशेजारी येऊन टेकली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, रेशनचं झालं, नळाचं झालं. मग आवाज खाली करून म्हणाली, "सिस्टर, एक विचारू का? पोरगा म्हणतो, पोरींबद्दल मनात काही येतच नाही. पोरांबद्दल येतं. यावर गोळी असते का हो?"

मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीला. तिने हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही नव्हतं. तीन महिने पोटात ठेवून होती. तिचं नाव-गाव लिहीत नाही आणि जे लिहिते तेही तिला विचारूनच.

"गोळी नसते, ताई," मी म्हणाले.

"मग इंजेक्शन?"

तिला त्या दिवशी मी औषधशास्त्र शिकवत बसले नाही. एका बापाची गोष्ट सांगितली. ती खूप लांबची आहे, पण बाप आपल्यासारखाच कामगार होता.

अमेरिकेत पश्चिमेकडे ऑरेगॉन नावाचं राज्य आहे. त्यात ला ग्रँड नावाचं लहानसं गाव, तेरा हजारांच्या आसपास वस्ती. अशा गावात कोण कुणाचं, कोण कसं चालतं, कोण कसं बोलतं, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. तिथे ज्यो बेल नावाचा माणूस लाकडाच्या कारखान्यात कामाला होता. त्याचा मुलगा जेडन पंधरा वर्षांचा, हायस्कूलात शिकणारा. तिकडे शाळेच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला नाच आणि कसरती करून आपल्या संघाला चेव आणणारं एक पथक असतं. जेडन त्या पथकात होता. आपण समलिंगी आहोत हे त्याने लपवून ठेवलं नव्हतं. त्यावरून त्याचा छळ व्हायचा. शाळेत तोंडावर व्हायचा आणि घरी आल्यावर इंटरनेटवरही व्हायचा. आमच्या वेळी निदान शाळा सुटली की चिडवणारे मागे राहायचे. आता ते मोबाइलमधून उशापर्यंत येतात.

१९ जानेवारी २०१३ रोजी जेडनने जीव देण्याचा प्रयत्न केला. कसा, ते मी लिहीत नाही. वर्तमानपत्रं लिहितात, पण आरोग्याच्या पानावर ते लिहू नये. अशा तपशिलाने दुसऱ्या एखाद्या खचलेल्या जिवाला वाट दिसते. त्याला दवाखान्यात नेलं, यंत्रावर ठेवलं. दोन आठवडे आईबाप खाटेजवळ बसून होते. ३ फेब्रुवारीला तो गेला.

त्यानंतर एप्रिल महिन्यात ज्यो बेल नोकरी सोडून पायी निघाला. कुठे? न्यूयॉर्कला. ते शहर देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. कन्याकुमारीहून काश्मीरला जाणाऱ्या रस्त्यापेक्षाही ही वाट लांब. जेडनला मोठं झाल्यावर त्या शहरात जायचं होतं. पोरगा जाऊ शकला नाही, म्हणून बाप निघाला. दोन वर्षं लागतील असा अंदाज होता. वाटेत शाळा लागली की शाळेत, चार माणसं बसलेली दिसली की त्यांच्यात, जिथे कुणी ऐकून घेईल तिथे तो उभा राहायचा आणि आपल्या मुलाबद्दल सांगायचा. मुलगा समलिंगी होता, त्याला छळलं, तो आज नाही. मुलांना असं छळू नका आणि दुसरा कुणी छळत असेल तर बघत उभे राहू नका, एवढंच मागणं.

सहा महिने तो असा चालला. ९ ऑक्टोबर २०१३ रोजी कोलोरॅडो राज्यात, हमरस्त्याच्या कडेने चालत असताना मोठ्या मालट्रकने त्याला उडवलं. तो जागीच गेला. ट्रकवाल्याला झोप लागली असावी, असं पोलिसांचं म्हणणं होतं. ज्यो ४८ वर्षांचा होता. पुढे त्याच्यावर सिनेमा निघाला, २०२० साली दाखवला गेला. पण न्यूयॉर्क काही त्याला गाठता आलं नाही.

ही गोष्ट ऐकून ती आई म्हणाली, "मग चालून काय मिळालं त्याला?" प्रश्न खोटा नाही. मलाही तो पडला होता.

आपण तर चालणाऱ्यांचीच माणसं आहोत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागे चवदार तळ्याकडे आपलेच आजे-पणजे चालत गेले. १९७९ साली प्राध्यापक जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून. माझ्या माहेरच्या आळीत त्यात चाललेले एक काका होते. पायाला किती फोड आले ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. पण ते सगळे घोळक्याने चालले होते. पुढे निळा झेंडा होता, मागे घोषणा होत्या. ज्यो बेल बहुतेक वाट एकट्याने चालला. म्हणून मला त्याची गोष्ट वाचताना लाँग मार्चपेक्षा किसा गोतमी जास्त आठवली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ती आई. भगवंतांनी तिला उपदेश केला नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण म्हणाले, आणि तिला दारोदार चालायला लावलं. दर दाराशी तिला कुणाचं तरी दुःख ऐकावं लागलं. बोलणं ऐकता ऐकताच ती भानावर आली. ज्योलाही गावोगाव अशी दारं लागली असतील, ज्यांच्या आत असाच एखादा जेडन गप्प बसून होता. हा माझा तर्क आहे, पण पंचवीस वर्षं माणसांची दुखणी बघितल्यावर असा तर्क करायला मला भीती वाटत नाही.

आता एक माझ्याच चुकीची गोष्ट सांगते. डिप्लोमा करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. एका दवाखान्यात अपघात विभागात माझी रात्रपाळी होती. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला घेऊन घरचे आले. "पोटात दुखतंय" म्हणाले. दुखणं निराळं होतं, त्याने काहीतरी घेतलं होतं, पण पोलिसांच्या भीतीने घरचे सांगत नव्हते. त्यात आमचा अर्धा तास गेला. पोरगा वाचला. सकाळी त्याच्या हातावरच्या नेलपॉलिशकडे बघून वॉर्डातल्या दोघा-तिघांनी टवाळी सुरू केली. हावभाव करून दाखवले. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी त्याचं सलाईन बदललं, चार्ट भरला, आणि गप्प राहिले. हसले नाही, पण थांबवलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना न सांगता निघून गेला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. ज्यो बेल ज्या बघ्यांबद्दल गावोगाव बोलत होता, त्यांत मी होते, पांढऱ्या गणवेशात.

तर त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर नीट देते, कारण तो प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

समलिंगी असणं हा आजार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आजारांच्या यादीतून ते काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढलं. आपल्याकडच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१८ साली हेच जाहीर केलं. आजारच नाही, तर औषध कसलं? कुणी डॉक्टर "बदलून देतो" म्हणून झटके, गोळ्या, संमोहन असं काही करत असेल, तर ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. तशा डॉक्टरची तक्रार करता येते. आणि मुलगा बायकी चालतो म्हणजे तो समलिंगी, असंही नाही. कोण आवडतं ही एक गोष्ट. आपण आतून बाई आहोत की पुरुष, हे वाटणं दुसरी. कुणी जन्माने मुलगा असून स्वतःला मुलगी म्हणून ओळखतं, त्यांना पारलिंगी म्हणतात. सगळ्यांना एकाच शिवीत कोंबायची सवय आपल्याला लागली आहे.

काही जण विहारात मला तिसऱ्या शिलाचं विचारतात. हा मिथ्याचार नाही का, म्हणून. मी भन्ते नाही, नर्स आहे, पण माझी समज सांगते. ज्यात फसवणूक आहे, जबरदस्ती आहे, कुणाचा विश्वास मोडला जातो, तो मिथ्याचार. मुलगा समलिंगी आहे हे माहीत असूनही "लग्न झालं की सुधारेल" म्हणून त्याच्या गळ्यात एखादी गरिबाघरची लेक बांधतात. त्या मुलीला कुणी काही सांगत नाही. तिच्या आयुष्याचं मातेरं होतं, आणि वर "मूल का होत नाही" म्हणून बोल तिलाच. शील मोडलं कुणी? लेकींचं तर आणखी अवघड. मुलाला निदान चार वर्षं "नोकरी लागू दे" म्हणून थांबवता येतं. मुलगी लग्नाला नाही म्हणाली की घरात मार सुरू होतो.

आणि हे लिहिताना मला राग आवरत नाही, पण लिहिते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांमधून पोरांना बाबाकडे, देवऋषीकडे नेलेलं मी पाहिलं आहे. भिंतीवर बाबासाहेब, आणि पोराच्या गळ्यात ताईत. कपाळाला अंगारा. भूतबाधा उतरवायची म्हणून उपाशी ठेवलं, चटके दिले. पाठीवरचे चटके मी स्वतः ड्रेसिंग केले आहेत.

बाबासाहेबांचं नाव निघालं म्हणून एक आठवण करून देते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवायचे. वाचक त्यात लैंगिक आरोग्याबद्दल पत्रं लिहून विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. अश्लील म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने मुंबईत उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. ज्या प्रश्नोत्तरांवरून खटला होता त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचा प्रश्नही होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण लोकांनी शरीराबद्दल विचारलं तर शास्त्राने उत्तर द्यावं, यासाठी आपला बाप कोर्टात उभा राहिला होता, हे कमी आहे का? विहारात पातेली घासता घासता एक आई मला जे विचारते, तेच त्या मासिकाला लोक पत्रातून विचारत होते. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन सज्ञान माणसांमधले राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, तेव्हाही आधार घेतला तो संविधानिक नीतीचा. त्या नीतीबद्दल बाबासाहेब संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बोलले होते.

जेडनच्या गावात आणि आपल्या वस्तीत एक मोठा फरक आहे, तोही सांगायला हवा. आपल्या पोराला शाळा-कॉलेजात दोन शिव्या पडतात. एक जातीची, एक बायल्या म्हणून. जातीची शिवी पडली तर तो घरी येऊन सांगतो. बाप चवताळून उठतो, मंडळाची पोरं उठतात, ॲट्रॉसिटीची केस होते. दुसरी शिवी पडली तर तो घरी सांगत नाही, कारण घरातही तीच शिवी चालते. शहरात समलिंगी मुलामुलींचे गट असतात, तिथे गेला तर कधीकधी तिथे आडनाव विचारतात. खोली भाड्याने घ्यायची तर आडनाव आडवं येतंच. मग तो जाणार कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत गप्प बसतो. हे गप्प बसणं शरीरावर उतरतं. झोप उडते, जेवण सुटतं, डोकं दुखतं, शाळेच्या दिवशी नेमकं पोट दुखतं. आपण त्याला ओवा देतो.

कॅलिफोर्नियात कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घरच्यांनी खूप झिडकारलं होतं, त्यांच्यात जीव देण्याचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना घरच्यांनी फारसं झिडकारलं नव्हतं त्यांच्यापेक्षा आठपटींहून जास्त निघालं. आकडा तिकडचा आहे. पण घरच्या शब्दाची ताकद केवढी, ते दाखवणारा आहे. आणि ते औषध आपल्या हातात आहे, विकत आणावं लागत नाही.

मी वस्तीत आयांना काय सांगते, ते लिहिते. पोर एकदम गप्प झालं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, "मी नसलो तरी तुमचं चालेल" असं बोलायला लागलं, तर चेष्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बांध फुटतो. "हो" म्हणालं तर एकटं सोडू नका. घरातली औषधं, विषारी पदार्थ कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि काही घेतलंच असेल तर दवाखान्यात पहिल्या मिनिटाला खरं सांगा, काय घेतलं, किती, कधी. रिकामी पुडी किंवा बाटली बरोबर आणा. पोलिसांना भिऊन लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारं माणूस प्रचंड ताणाखाली होतं असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे आहेत. त्याच कायद्यात असंही आहे की समलिंगी आहे म्हणून मानसिक उपचारात भेदभाव करता येणार नाही. वॉर्डात कुणी टवाळी केली तर हे ठणकावून सांगा. त्या रात्री मी सांगायला हवं होतं.

पोराने आपणहून सांगितलं, तर काय बोलायचं हे आयांना सुचत नाही. सुचायलाच हवं असं नाही. "मला कळलं नाही अजून, पण तू माझाच आहेस" एवढं पुरतं. "कुणाला सांगू नकोस" हे पहिलं वाक्य नसावं. आणि त्याला न विचारता आपणही कुणाला सांगू नये, मामालासुद्धा नाही.

त्या आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग अडचण सांगितली. "बोलू कुठे, सिस्टर? घरात सासू, दीर, माझी दोन लहान. नवरा रात्री येतो. भिंतीपलीकडे शेजारीण खोकली तरी ऐकू येतं." मला हे सुचलं नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, मुलाशी शांत जागी निवांत बोला. वस्तीत शांत जागा कुठून आणायची, ते पुस्तकात नसतं. मी म्हणाले, "ताई, चालायला जा ना दोघं. भाजी आणायला म्हणून निघा, आणि लांबच्या रस्त्याने जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. पोरं बोलतात." ती हसली. म्हणाली, "त्या अमेरिकावाल्यासारखं?"

पुढच्या रविवारी ती उशिरा आली. मुलगा बरोबर होता. तो मागच्या रांगेत बसला, वंदना झाल्यावर मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण खरवडून काढायला लागला. ती माझ्याजवळ आली.

"दोनदा गेलो," म्हणाली. "रेल्वेच्या पुलापर्यंत. पहिल्या दिवशी काही बोललाच नाही. काल परत येताना म्हणाला, आई, तुझी चप्पल तुटलीय, हळू चल."

"मग?"

"मग काय, हळू चाललो. उद्या परत जाणार आहोत."